पहिला उकार

अडतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका वाचल्या,
महालातल्या छापखान्यात, फडफडत्या ट्यूबलाइटखाली,
लाल शाईची बाटली उजव्या हाताला.
निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात
शेजारच्या चिंतामण परात्यांनी काम दिलं:
"तात्या, मले जे येते ते तुमी लिहा, नेटवर टाकू.
माझ्यामागं कोणाले तरी सापडलं पायजे."

त्यांना येतो कूलर.
पत्र्याचा, तीन ताट्यांचा,
होळी झाली की सक्करदऱ्याच्या खिडक्यांना
पोट काढून बसणारा.

मी लिहिलं. शीर्षक दिलं 'शीतलतेच्या शोधात'.
पहिल्या परिच्छेदात वैशाख आणला,
दुसऱ्यात वाळ्याची कुळकथा,
पाण्याचा पंप सुरू झाला सातव्यात.
एकही चूक नव्हती.
महिन्याभरात वाचलं तिघांनी:
मी, चिंतामण,
आणि पुन्हा मी.

त्यांची नात वैदर्भी पायरीवर बसून म्हणाली,
"आजोबा, शीतलता कोण शोधते?
भर दुपारी, सेहेचाळीसमध्ये,
लेकराच्या पाठीवर घामोळ्या आल्यावर
माणूस तोंडानं काय म्हणते, ते लिहा न."

मग तीन दिवस दुकानात बसलो, वही घेऊन.
गिऱ्हाइकं आली तशी उतरवली:
थंडी हवा नाही देऊन रायला.
पंप चालते, पण ताटी कोरडीच.
मासोळीसारखा वास येते, घरात आमच्या कोणी मासोळी खात नाही.
नुसती चिपचिप होते, झोप नाही.
गोकुळपेठेतल्या एक बाई नुसत्या
"भाऊ, ते आपलं ते" म्हणाल्या आणि हात गरगर फिरवला.
तो हात कसा लिहायचा, मला कळलं नाही.

शीर्षकात वास आला. मासोळीसकट.
उत्तर पहिल्या ओळीत: समोरची खिडकी उघडा,
कूलरला हवा ढकलायला दार लागतं.
वैशाख खाली गेला, मग आणखी खाली, मग गेलाच.
फोटोचं नाव नुसते आकडे होते.
"यंत्राले चित्र दिसत नाही, आजोबा, त्याले सांगा लागते."
मी सांगितलं, आंधळ्या पाहुण्याला घर दाखवावं तसं:
क्षारानं बुजलेली नळीची भोकं,
सुईनं मोकळी करताना.

मला चेव आला.
प्रत्येक ओळीत कूलर घातला, काही ओळींत दोन.
वैदर्भीनं वाचलं आणि नाक मुरडलं:
"सावजीत तिखट असते, आजोबा.
तिखटात सावजी नसते."

शेवटी राहिला तो उकार.
तिनं दाखवलं, लोक काय टाइप करतात.
कुलर. ऱ्हस्व. पहिला.
माझा हात आपोआप उजवीकडे गेला,
बाटली तिथं नव्हती.
"हे चूक आहे," मी म्हणालो.
"असन. पण तुमी दुरुस्त कोणाले करता?
ते तर तुमाले विचारून रायले."

रात्री झोप लागली नाही, आणि कूलर चालू होता.
अडतीस वर्षांत किती ओळी मी निर्दोष करून सोडल्या,
त्यांच्या दारात कोणी आलं का,
हे मी कधी विचारलं नव्हतं.
टाकीत पाणी भरपूर, ताटीवर थेंब नाही.

वर सगळीकडे दीर्घ ठेवला. तेवढा माझा हट्ट.
खाली, अगदी शेवटच्या ओळीत,
स्वतःच्या बोटानं लिहिलं:
'तुमच्या कुलर मधून वास येत असेल, तरी इथेच या.'
'मधून'सुद्धा तोडून.
छातीत जरा धडधडलं.

मेच्या एका रात्री, एक वाजून चाळीस मिनिटांनी,
ब्रह्मपुरीहून कोणी तरी आलं,
पहिल्या उकारानं,
आणि चार मिनिटं थांबलं.
उठून समोरची खिडकी उघडली असेल,
किंवा मोबाईल छातीवर ठेवून तसंच झोपलं असेल.
ते यंत्र सांगत नाही.

सकाळी चिंतामणना सांगितलं.
ते पंपाची जाळी ब्रशनं घासत होते,
मान वर न करता म्हणाले,
"चार मिनिटं?
मंग टाकी रिकामी केली असन त्यानं."